एकशे बारा प्रबंधांची टायपिस्ट

त्रान्सितो आर्मिहोस स्वतः सहावी पास. पण सान ओनोफ्रे विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलेलं निम्मं लोखा शहर तिच्या बोटांखालून गेलेलं होतं. विद्यापीठाच्या फाटकासमोर, न्हाव्याचं दुकान आणि तामालची खानावळ यांच्या मधल्या चिंचोळ्या खोलीत सत्तावीस वर्षं तिचा टाइपरायटर खडखडत होता. प्रबंध, अर्ज, रजेच्या चिठ्ठ्या, क्वचित एखादं प्रेमपत्र, असं सगळं ती टाइप करी. लग्न तिनं केलं नाही, त्यामुळे गावच्या रीतीप्रमाणे ती सगळ्यांची 'निन्या त्रान्सी', म्हणजे त्रान्सी पोरगी. एकाहत्तरावं लागलं तरी पोरगीच.

तिच्या टायपिंगमध्ये चूक सापडत नसे. शाई लावून खोडलेलं अक्षर, वर चढलेली ओळ, सुटलेला स्वल्पविराम यातलं काही नाही. पोरं पैजा लावून चुका शोधत आणि हरत. शेवटच्या पानाच्या तळाशी कोपऱ्यात ती बारीक अक्षरांत 'त्रा. आ.' एवढंच टाइप करायची. सगळेच टायपिस्ट तसं करत, त्यामुळे तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

त्र्याहत्तर साली एफ्राइन कांगो नावाचा पशुवैद्यकाचा विद्यार्थी मेंढ्यांच्या गोचिडांवरचा प्रबंध घेऊन तिच्याकडे आला. नव्वद पानं टाइप झाली आणि 'निष्कर्ष' या मथळ्याखाली कोरा कागद निघाला.

"निष्कर्ष कुठंय?" तिनं विचारलं.

"निन्या, गोचिडांबद्दल मला जे जे ठाऊक होतं ते वर लिहून संपलं. आता आणखी काय काढू?"

"जमा कधी करायचाय?"

"आज. चार वाजता."

नव्वद पानं टाइप केल्यावर गोचिडांविषयी त्रान्सितोचंही काही मत झालेलं होतं. तिनं कागद चढवला आणि एकटाकी लिहिलं: "प्रस्तुत अभ्यासावरून असे दिसून येते की हा प्रश्न वरवर वाटतो त्याहून जुना आहे. तो सोडवण्याची इच्छा ज्यांना आहे त्यांच्याकडे साधने नाहीत, आणि साधने ज्यांच्याकडे आहेत त्यांना घाई नाही." पुढे आणखी दीड पान.

परीक्षकांनी एफ्राइनकडून हा निष्कर्ष दोनदा वाचून घेतला. एकानं चष्मा पुसला. आठवडा उलटायच्या आत एफ्राइनचे तीन वर्गमित्र निष्कर्षाविना हजर झाले.

तिथून ते चालूच राहिलं. पाण्याचे हक्क, शेंगदाण्यावरची कीड, वारसाहक्काचा कायदा, शाळांमधली गळती, विषय कुठलाही असो, तो वरवर वाटतो त्याहून जुना निघायचा आणि साधनं असणाऱ्यांना घाई नसायची. त्रान्सितो विषयाप्रमाणे चार शब्द इकडचे तिकडे करी. आईचे आभार मानणारा परिच्छेद ती वरकड म्हणून फुकट घालून द्यायची. वर्षातून एखादा मुलगा स्वतःचा निष्कर्ष घेऊन यायचा. तोही ती निमूटपणे टाइप करून देई, पण मनातून तिला तो जरा कच्चाच वाटे.

एकोणऐंशी साली लाउतारो बुर्नेओ आला. जमीनदाराचा मुलगा, समाजशास्त्राचा विद्यार्थी, केस तेल लावून मागे वळवलेले. मार्गदर्शकांनी त्याला नदीवर धुणं धुणाऱ्या बायका हा विषय दिला होता. तो नदीवर एकदाच गेला. बायकांनी त्याच्या हातात ओल्या घोंगडीचं टोक दिलं आणि पीळ घालायला लावला. त्याच्या बुटांत पाणी गेलं. मुलाखत काही झाली नाही.

"माझ्याशी बोलतच नाहीत त्या," तो त्रान्सितोच्या खोलीत येऊन म्हणाला. "विचारलं की हसतात."

"मग तुम्ही काय विचारलंत?"

"उत्पादनसंबंधांविषयी विचारलं."

त्रान्सितोनं स्वतःची पांघरुणं गाठोड्यात बांधली आणि ओळीनं सात सोमवार सकाळी नदीवर गेली. तिनं काही विचारलं नाही, शेजारच्या दगडावर बसून धुतलं. कुणाचा दगड कुणाकडून कुणाला मिळाला, बड्या घरच्या चादरींवरून घरातली भांडणं कशी ओळखावीत, साबण परवडत नाही तेव्हा कुठलं मूळ कुटावं, थंडीत बोटं भेगाळली की त्यांवर काय बांधावं, हे सगळं घरी येऊन तिनं कागदावर उतरवलं. एकशे चाळीस पानं झाली. लाउतारोनं ती वाचली आणि एकच दुरुस्ती सुचवली: जिथं जिथं 'बायका' आहे तिथं 'स्त्री-श्रमिक' घालायचं. सगळा प्रबंध पुन्हा टाइप करावा लागला.

त्या प्रबंधाला सुवर्णपदक मिळालं. त्यावर लाउतारोला परदेशी शिष्यवृत्ती मिळाली, मग प्राध्यापकी, मग अधिष्ठातापद, आणि वयाच्या साठीत कुलगुरूपद. रस्त्यात भेटला की तो टोपी उचलून "कशी आहेस, निन्या?" विचारी. तीही "बरी आहे, डॉक्टर" म्हणे. दोघांच्याही मनात काही किल्मिष नव्हतं. त्यानं बहुधा ते विसरूनच टाकलं होतं, आणि तिच्या हिशेबी तो एक प्रबंध होता, इतरांपेक्षा जरा लांब.

संगणक आले, तिनं खोली सोडली. घरी बसून ती लाल औषधी काढा करून पिई आणि खिडकीतले जिरेनियम सांभाळी.

कुलगुरू झाल्यावर बुर्नेओंनी विद्यापीठाचा डिजिटल संग्रह सुरू केला. जुने प्रबंध, संमेलनांचे फोटो, विद्यार्थी मंडळाची भित्तिपत्रकं सगळी स्कॅन करून जगापुढे मांडायची. उद्‌घाटनाच्या भाषणात ते म्हणाले, "आपल्या संस्थेच्या स्मृतीत यापुढे काहीही झाकलेलं राहणार नाही." टाळ्या झाल्या. हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं, आणि तेच त्यांच्या अंगाशी आलं.

संग्रहाचं काम बायरन सारांगो या तिशीतल्या इंजिनियरकडे होतं. स्कॅन झालेला प्रत्येक प्रबंध उचलेगिरी पकडणाऱ्या प्रणालीतून जायचा, असा नियम होता. पहिल्या महिन्याच्या शेवटी प्रणालीनं एकशे बारा प्रबंध लाल करून ठेवले. पंचवीस वर्षांत, सात विद्याशाखांत, एकाच मजकुराची चोरी. सर्वांत जुनी तारीख ज्याची तो मूळ लेखक, बाकीचे चोर, असं प्रणालीचं साधं गणित. त्या हिशेबानं शहराचे महापौर, दोन न्यायाधीश, बिशपचे सचिव, तीन अधिष्ठाते आणि खुद्द कुलगुरू या सगळ्यांनी मेंढ्यांच्या गोचिडांवरून मजकूर उचलला होता.

बायरननं दोन दिवस प्रणालीच तपासून पाहिली. मग त्यानं एकशे बारा शेवटची पानं शेजारी शेजारी ठेवली आणि कोपऱ्यातलं 'त्रा. आ.' त्याच्या डोळ्यांत भरलं. फाटकासमोरच्या खानावळवालीनं नाव ओळखून पत्ता दिला. तो मक्याच्या पानांत वाफवलेल्या उमिता घेऊन त्रान्सितोच्या दारात उभा राहिला.

"निन्या त्रान्सी, हे निष्कर्ष तुम्ही लिहिलेत?"

तिनं कागद लांब धरून वाचला. "हो. हा चांगला जमलाय. शेंगदाण्याचा तेवढा चांगला नव्हता."

"पण सगळीकडे तेच आहे."

"इंजिनियरसाहेब, सगळीकडे तेच होतं म्हणून तेच लिहिलं. कुणाला घाई होती तुम्हीच सांगा."

बायरननं उमिता सोलली.

बातमी कुलगुरूंपर्यंत जायला दोन दिवस लागले आणि तिसऱ्या दिवशी बुर्नेओ स्वतः आले. गाडी कोपऱ्यावर ठेवून चालत आले. काढा घेतला, जिरेनियमचं कौतुक केलं आणि खिशातून टाइप केलेला कागद काढला.

"निन्या, ही एवढी सही कर. कुणालाच त्रास नको. तुझ्याकडे तेव्हा खूप काम असायचं. एका प्रबंधाची पानं चुकून दुसऱ्यात गेली, असं झालं असणार. टंकलेखनातली चूक. माणूस आहे, चूक होते."

त्रान्सितोनं चष्मा चढवून कागद शेवटपर्यंत वाचला. "एकशे बारा वेळा?"

"आकडा घातलेला नाही त्यात."

"लाउतारो," ती म्हणाली. चाळीस वर्षांत तिनं त्यांना पहिल्यांदाच नावानं हाक मारली. "मी चोरी केली असं लिहा, सही करते. लोकांना फसवलं लिहा, तेही चालेल. म्हातारपणी तुरुंगात टाका. पण टंकलेखनातली चूक असं मी लिहून देणार नाही."

"तुला कळतंय ना, माझं काय होईल?"

"कळतंय. तुमचं पदक जाईल. माझ्याकडे तर बिनचूक टायपिंग एवढंच होतं." आणि मग जरा नरम होऊन, "या कागदावर तिसऱ्या ओळीत स्वल्पविराम राहिलाय. कुणी टाइप केला हा?"

बुर्नेओंनी कागद घडी करून खिशात ठेवला. जाताना टोपी उचलायचं त्यांना सुचलं नाही. त्रान्सितोनं दार लावलं आणि कडी दोनदा तपासली. पदवीवाल्यांना नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

चौकशी समिती नेमली गेली. पाच जणांच्या समितीत चौघांच्या प्रबंधांत त्रान्सितोचे निष्कर्ष निघाले. पाचवा परगावाहून शिकून आला होता, त्याला इतरांनी अनुभव कमी म्हणून फार बोलू दिलं नाही. पदव्या रद्द कराव्यात तर न्यायाधीशांनी दिलेले निकाल, महापौरांच्या सह्या, पशुवैद्यांनी टोचलेली गुरं, सगळंच प्रश्नात येणार. अकरा बैठका झाल्या. शेवटी ठरलं की उचलेगिरी घडलेली नाही. संग्रहातल्या नोंदींमध्ये एक महत्त्वाची माहिती तेवढी राहून गेली आहे: टंकलेखन कुणी केलं. प्रत्येक नोंदीत एक नवा रकाना घालावा, 'सहभाग: त्रा. आर्मिहोस', म्हणजे साम्याचा खुलासा आपोआप होईल. कुणाचंच काही बिघडणार नाही.

बायरननं एका दुपारी रकाना भरून टाकला. प्रणालीला टंकलेखन आणि संशोधन यांतला फरक कुणी शिकवलेला नव्हता. वर्षअखेर प्रणालीनं विद्यापीठाचा अहवाल काढला, तेव्हा सर्वांत कार्यक्षम संशोधक म्हणून पहिलं नाव आलं आर्मिहोस त्रा. यांचं, सात विद्याशाखांत एकशे बारा कामं. दुसऱ्या क्रमांकावरच्या प्राध्यापकाची चौदा होती. लिमाहून त्रान्सितोला गोचीड-परिषदेचं निमंत्रण आलं. तिनं मोडक्या टाइपरायटरवर नम्र नकार लिहून पाठवला: गोचिडांविषयी जे सांगायचं होतं ते त्र्याहत्तर सालीच सांगून झालं.

कुलगुरूंचं पदक राहिलं. लोक मात्र त्यांना बघून हळूच म्हणू लागले, "डॉक्टर, घाई नाही ना?" ते मुदतीआधीच निवृत्त झाले.

मग एका सकाळी खुलियाना मेदिना नावाची मुलगी आली. परिचर्येच्या दुसऱ्या वर्षाला होती. संग्रहात आडनाव शोधता शोधता तिला नदीवरच्या प्रबंधात पान अठ्ठ्याऐंशीवर पेत्रोना मेदिना सापडली होती. ती तिच्या वडिलांची आई. घरात तिचा फोटो नव्हता.

"मी आधी डॉक्टर बुर्नेओंकडे गेले होते," ती म्हणाली. "ते म्हणाले, जे आहे ते प्रबंधात आहे. मग म्हणाले, फाटकासमोर टाइप करायची ती बाई जिवंत असेल तर तिला विचार."

"असं म्हणाला तो?"

"हो. पत्ताही त्यांनीच लिहून दिला."

त्रान्सितोनं खुर्ची पुढे ओढली. "बस. काढा घेशील? तुझी आजी वय खोटं सांगायची. त्या प्रबंधात चौतीस लिहिलंय, पण ती चाळिशीच्या पुढची होती. मला ठाऊक होतं, तरी तिनं सांगितलं तेच मी लिहिलं. उजव्या हातानं पिळायची, डावा खांदा जरा उतरलेला. आणि वरच्या दगडावरच्या बाईशी तिचं वैर होतं, साबणावरून. ते मी लिहिलं नाही."

"का नाही लिहिलंत?"

"वैर असलं तरी दोघी रोज शेजारीच बसायच्या ना."

खुलियानानं वही काढली. त्रान्सितोनं तिची पेन धरायची पद्धत पाहिली, नाक मुरडलं, आणि सावकाश सांगायला सुरुवात केली.