स्कीममधली पोरगी

"वास कसला येतोय? सोड्याचा?"

सर दारातच थांबले होते. नाकाला रुमाल नव्हता, पण हात तसाच धरलेला. पहिल्या बाकावर मी. लवकर येऊन जागा धरली होती. अकरावीचा पहिला आठवडा, लातूरमधला नावाजलेला क्लास. माझ्या शेजारी डॉक्टरची मुलगी बसली होती, ती सरकली.

"काय करतात वडील?"

"परीट आहेत सर. इथंच मागं लाँड्री आहे."

"मग बरोबर. उठ. ही क्रीमची जागा आहे."

मी दप्तर उचललं. सरांनी यादी न बघताच आणखी काही जणांना उठवलं. सगळे आमच्या भागातले, भूकंपात गावं गेलेले. आमची फी माफ होती, आणि ते क्लासच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. आम्हाला शेवटच्या बाकांवर बसवलं. मग सर खडू हातात घेऊन म्हणाले, "फ्रंट बेंचेस, क्रीम. लास्ट बेंचेस, स्कम."

पुढचे हसले. आम्ही पण थोडे हसलो. सगळे हसतात तेव्हा हसायचं असतं, एवढंच कळत होतं.

मला तो शब्द 'स्कीम' असा ऐकू आला. यात मला काही विशेष वाटलं नाही. भूकंपानंतर आमचं सगळं आयुष्य स्कीममध्येच चाललं होतं. पत्र्याची शेड स्कीममधली, मग नवं घर स्कीममधलं, शाळेची पाटी स्कीममधली. गाडी आली की बायका ओरडायच्या, "आगं चला, स्कीम आली!" तेव्हा फी माफ असलेल्या पोरांची बॅच स्कीमचीच असणार. मी घरी जाऊन बाबांना तसंच सांगितलं.

बाबा इस्त्री थांबवून म्हणाले, "म्हंजी सरकारनंच बशिवलंय म्हण की तुला तिथं."

"हाव."

त्या दिवसापासून कपडे न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत. "पोरगी स्कीममधी हाय, त्या मोठ्या क्लासात." गिऱ्हाईक बहुतेक क्लासचीच पोरं. ती शर्ट मोजून घ्यायची आणि एकमेकांकडे बघायची. बाबांना वाटायचं, पोरांना कौतुक वाटतंय.

आमच्याबद्दल थोडं सांगते. गावात आमचं परटाचं एकच घर. गावाचे कपडे बाबा आणि आई धुवायचे. कोणतं कापड कुणाचं ते कळावं म्हणून प्रत्येक घराची एक खूण असते. कापडाच्या कोपऱ्यात बिब्ब्यानं काढायची. बिब्ब्याचा डाग मरेपर्यंत जात नाही. भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते. आई भिंतीखाली गेली. आमच्या अंगणात धुऊन घड्या घातलेली गावाची गाठोडी तशीच होती. खुणा होत्या, माणसं नव्हती. बाबा कितीतरी दिवस कुणाचा चुलता, कुणाची बहीण शोधत ती गाठोडी पोहोचवत फिरले. मी त्यांच्या मागं. मला तेव्हापासून रडू येत नाही. कुणी मारलं तरी नाही, कुणी जवळ घेतलं तरी नाही. लोक म्हणायचे, पोरगी धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. आत काही हलतच नव्हतं.

गाव उठलं तसं बाबांचं काम उठलं. लातूरला क्लास वाढत होते, गावोगावची पोरं येऊन खोल्या करून राहत होती. पोरांना धुता येत नाही, हे बाबांनी बरोबर हेरलं. क्लासच्या मागच्या गल्लीत पत्र्याखाली आमची भट्टी लागली. भट्टी म्हणजे मोठं पातेलं, सोड्याच्या पाण्यात कपडे उकळायचे. मी पहाटे काठीनं ते ढवळायचे आणि मग क्लासला जायचे. सरांना आलेला वास खरा होता. मी काही त्यांना खोटं ठरवत नाही.

पहिल्या परीक्षेच्या आधी सरांनी फळ्यावर वेळा लिहिल्या. क्रीमची सकाळी. आमची दुपारी. आमच्या बॅचचं नाव इंग्रजीत लिहिलं. एस, सी, यू, एम. मला स्कीमचं स्पेलिंग पाठ होतं. सर घाईत चुकले असतील, असं वाटलं. आणि मला, का कोण जाणे, बरं वाटलं की मला त्यांची एक चूक दिसली. मी हात वर केला.

"सर, स्कीममध्ये यू नसतो. एच, ई पाहिजे."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग एवढे हसले की खडू खाली पडला. पुढचे बाक तर डोकं टेकवून हसत होते. डॉक्टरच्या मुलीनं मागं वळून बघितलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हसून. मी उभीच. बस म्हणायला कुणाला सुचलं नाही.

त्या दिवशी मी शब्दकोश उघडला. छोटा, खिशातला, मधली पानं सुटलेला. स्कम. एक, उकळत्या द्रवावर येणारी घाण, मळ. दोन, नीच, टाकाऊ लोक.

दोनदा वाचलं. राग आला नाही. ते छापलेलं होतं, आणि छापलेलं खरंच असतं असं मी तोपर्यंत धरून चालले होते. मी कोश मिटला आणि भट्टी ढवळायला गेले. वर करडा फेस आला होता. तो मी झाऱ्यानं काढून नालीत टाकला, रोज टाकायचे तसा.

बाबांना सांगितलं नाही. शर्ट देताना ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "स्कीममधी हाय पोरगी," आणि मी आत नीळ कालवत बसायचे. माझ्यापुरतं मला काही वाटत नव्हतं. मला एकच पाहिजे होतं, बाबांना हे कधी कळू नये. तेवढ्यासाठी मी दोन वर्षं गप्प बसले.

बारावीला इंग्रजीत मी सगळ्या क्लासात पहिली आले. क्रीमच्याही वर. सर स्वतः गल्लीत आले, नाक न धरता. म्हणाले, "सत्कार आहे. वडिलांना घेऊन ये."

मोठा हॉल. शहरातले मानाचे लोक पुढच्या रांगेत. बाबांनी स्वतःचा सदरा स्वतः धुऊन कडक इस्त्री केली होती. तशी इस्त्री त्यांनी स्वतःच्या कपड्याला कधी केली नव्हती. सरांनी मला स्टेजवर बोलावलं, भूकंप, मेलेली आई, पत्र्याची शेड, सगळं माईकवर सांगितलं. लोक हळहळले. मग सर म्हणाले, वडिलांनीही दोन शब्द बोलावेत.

बाबांनी आयुष्यात माईक हातात धरला नव्हता. त्यांनी स्टेजवर येऊन आधी हात जोडले, मग माईक धरला.

"सायबांचे लई उपकार हायेत. माझी पोरगी पयल्यापासून सरांच्या स्कीममधली."

हॉलच्या मागच्या बाजूला क्लासची पोरं बसली होती. त्यांच्यात एकदम हशा पिकला. पुढच्यांना कळेना, म्हणून कुणीतरी कानात सांगितलं आणि तो हशा रांगेरांगेनं पुढं आला. सर तोंडावर हात ठेवून हसत होते. बाबाही हसायला लागले. त्यांना वाटलं, आपण काहीतरी चांगलं बोललो. त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं, "व्हय, स्कीममधली!"

त्या हसण्यात बाबांचा चेहरा मी पाहिला, आणि आत काहीतरी हललं. इतक्या वर्षांनी. दुखलं असं नाही म्हणता येणार. बधिर पायाला मुंग्या आल्यावर आधी काय होतंय तेच कळत नाही, तसं झालं. सर शाल घेऊन पुढं आले. मी हात मागं घेतले.

"मला नको."

"काय?"

"मला नको शाल."

मी बाबांचा हात धरला आणि पायऱ्या उतरून चालायला लागले. मागून माईकवर सरांचा आवाज आला, "लाजली पोरगी." टाळ्या पडल्या.

लाजली! मी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं होतं, आणि ते त्यांनी टाळ्यांत बुडवलं.

रस्त्यावर बाबा थांबले. "काय झालं? काहून आलीस अशी?"

मी सांगितलं. शब्द सांगितला, अर्थ सांगितला. दोन वर्षं जे लपवलं ते दोन वाक्यांत संपलं. बाबांनी समोरच्या ऑटोंकडे बघत विचारलं,

"मंग मघाशी माईकवर मी तेच बोललो व्हय?"

"नाही बाबा. तुम्ही स्कीम म्हणालात."

"पर त्यांनला ते ऐकू आलं."

मी ऑटोला हात केला. त्यानंतर बाबांच्या तोंडात तो शब्द कधी आला नाही. घराचे कागद असोत की रॉकेल, ते 'योजना' म्हणतात. दुसऱ्या दिवशी सरांचे पांढरे शर्ट धुवायला होते. बाबांनी ते धुतले, खळ घातली, इस्त्री केली. मी म्हणाले, तसेच परत करा. ते म्हणाले, "कापडानं काय केलंय?" मला त्यांचाही राग आला. शर्ट पोहोचवायला मी गेले नाही.

पुढं नांदेडला कॉलेज. विषय इंग्रजीच घेतला. मुद्दाम. तिथल्या लायब्ररीत एक जाडजूड कोश होता, शब्दाचं मूळ सांगणारा. एका दुपारी मी तो शब्द काढला. मुळात त्याचा अर्थ होता फेस. नुसता फेस. घाण नाही, मळ नाही, माणूस तर नाहीच. समुद्रापलीकडून तो इंग्रजीत आला, मग उकळत्या भांड्यावरच्या मळाला चिकटला, आणि खूप नंतर कुणीतरी तो माणसांना लावला. वरचा थर काढून टाकणं, त्यालाही 'स्किम' म्हणतात आणि तोही याच घरातला शब्द. स्किम! माझा कान अगदीच चुकला नव्हता.

मी तिथं बसून भट्टी आठवली. तो करडा फेस. आमचे स्वतःचे कपडे भट्टीत जायचे नाहीत, त्यांना गार पाणीच. भट्टीत जायचे ते क्लासच्या पोरांचे, डॉक्टरांचे, सरांचे. वर यायचा तो मळ त्यांच्या कॉलरींचा होता, त्यांच्या काखांचा. आम्ही तो झाऱ्यानं काढायचो. आणि नाव आम्हाला पडलं.

तेव्हा राग आला. उशिरा आला, पण पुरता आला. तो अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मी आता लोह्याला कॉलेजात इंग्रजी शिकवते. बाबांना दिसतं कमी, पण कापडाच्या कोपऱ्यावर बोट फिरवतात, सवयीनं. गेल्या आठवड्यात फोन आला. सरांचा मोठा सत्कार आहे, जुन्या विद्यार्थ्यांनी दोन शब्द बोलायचे आहेत. फोनवरचा मुलगा फार अदबीनं बोलला. "मॅडम, सरांनी तुमचं नाव आवर्जून सांगितलंय. तुम्ही तेव्हा लाजून निघून गेला होतात म्हणे."

मी म्हणाले, येते.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "कशाला? लई जुनं झालं ते."

मी म्हणाले, "बाबा, मेलेल्या माणसांची गाठोडी तुम्ही पोहोचती केलीत. एकही ठेवून घेतलं नाहीत."

त्यांचं बोट कापडाच्या कोपऱ्यावर थांबलं.

हा शब्दही धुवायला आल्यासारखा आमच्या घरी आला आणि राहिला. इतकी वर्षं मी तो उलटून पालटून बघितलाय. कोपऱ्यात बिब्ब्याची खूण आहे. घर कुणाचं ते मला माहीत आहे. मी माईक हातात घेणार, आणि ज्याचा आहे त्याला तो परत देणार. या वेळी स्पेलिंगसकट.