गादी झोडपताना

गच्चीवर ताई गादी झोडपत होती. दाजींची गादी. दाजी अपघातात गेले त्याला महिना होत आला, आणि ताई अजून रडली नव्हती. आता मात्र काठी अशी बसत होती की कापूस उडून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जात होता. प्रत्येक फटक्याला ती शाळेतल्या लढाईच्या कवितेची एकेक ओळ ओरडत होती.

मी आमच्या घराण्यातला बारशा-मुंजीचा कवी. सांत्वनाची कविता खिशात घालूनच आलो होतो. दोन ओळी वाचल्या.

"तुझी राहू दे," ताई म्हणाली. "तुझ्या कवितेत कुणाला मारता येत नाही."

खरंच होतं. माझ्या ओळींत सगळीकडे सांजवात आणि मंद वारा. दुःखातल्या माणसाला शांत करायला आपण लगेच धावतो. त्याला आधी काहीतरी फोडायचं असेल, हे मनातही येत नाही. त्या जुन्या कवितेत तलवारी होत्या, मुंडकी उडत होती. ताईला तिथे हात उगारायला जागा होती.

मग घोडा स्वाराविना परत येतो, ते कडवं आलं. काठी वरच राहिली. ही आता पुन्हा गप्प बसणार, या भीतीने मीच ते कडवं भसाड्या आवाजात म्हणू लागलो.

"चाल चुकतेय रे," ताई म्हणाली, आणि तिने ते पहिल्यापासून म्हटलं. हुंदक्यांनी ओळी तुटत होत्या, पण फटका एकही चुकला नाही.