कोठीची किल्ली

गुलबर्ग्याच्या दवाखान्यातली ती नर्स मला एकदाच भेटली, आणि तिनं माझं नऊ वर्षांचं नुकसान केलं.

निजामाचं राज्य होतं. संधिवातानं सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून मी त्यांना मंठाळहून तिकडं नेलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि बाकीचं नर्सवर सोपवलं. ठेंगणी बाई, बोलतानाही पट्ट्या गुंडाळणारे तिचे हात थांबत नव्हते. तिला सासूबाईंच्या कमरेची किल्ली दिसली.

"अक्का, ही कशाची?"

"कोठीची. मरस्तोवर माझ्यापाशीच ऱ्हाणार."

"मग मीठ, डाळ कोण काढतंय?"

"किल्ली देते, ही काढून आणती. मला उठवतंय कुठं?"

नर्स माझ्याकडं वळली. "तुम्हीच त्यांना बसवून ठेवायलाव. दोन वेळा गुडघे शेका, तेल लावा. पण किल्लीला हात लावायचा न्हाई. कोठी त्याच उघडतील."

"आणि न्हाई उठल्या तर?" मी विचारलं. खरं तर किल्ली कधी कायमची माझ्याकडं येते, याचीच मी वाट पाहत होते.

"तर घर अळणी जेवंल."

दोन दिवस आम्ही अळणी जेवलो. तिसऱ्या दिवशी सासूबाई मला शिव्या देत, भिंत धरून उठल्या आणि मीठ काढलं. पुढं नऊ वर्षं कोठी त्यांनीच उघडली.

आता किल्ली माझ्या कमरेला आहे. परवा माझा गुडघा ठणकत होता. सुनेनं मायेनं हात पुढं केला, "आत्याबाई, द्या, मी काढते."

मी ताडकन उठले.