दीक्षाची सत्तावीस सर्टिफिकिटं

माझी नात दीक्षा लिहिते. म्हणजे काय करते, हे शेजारच्या भैयाजींना मी तीनदा समजावलं, तरी ते विचारतातच, "पण बसते कोणत्या हापिसात?"

तोच तर घोर होता. नरखेडला बी.ए. करून पोरगी नागपुरात, महाल भागातल्या माझ्या दोन खोल्यांत राहायला आली आणि लिहिण्याची नोकरी शोधू लागली. तिच्या बापानं, आमच्या प्रेमानंदनं, महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. नाहीतर लकडगंजात त्याच्या ओळखीच्या ओमप्रकाशच्या प्लायवुडच्या दुकानात काउंटरवर बसायचं. ओमप्रकाश माणूस भला, पण तिथं पोरीला लिहायला मिळणार काय, तर फळीची लांबी-रुंदी.

तिनं एकतीस ठिकाणी अर्ज धाडले. एकतीसही ठिकाणी जवळपास एकच. मी म्हटलं, वाच पाहू. "मला लहानपणापासून वाचनाची व लेखनाची अत्यंत आवड आहे..."

"हे तर कोणीही लिहीन वं."

"सगळे असंच लिहितात, आबा."

"मग साहेब बोलावन कोणाले? सगळ्यायले?"

त्यातला एक अर्ज बियाण्यांच्या कंपनीला गेला होता. त्यात लिहिलेलं, 'आपल्या मासिकाची मी नियमित वाचक आहे.' आधीच्या अर्जातली ओळ पुसायची राहून गेली होती. मी दोन दिवस तिला विचारत होतो, "कपाशीचा दिवाळी अंक आला का वं?"

पण खरं सांगायचं तर सगळ्यात मोठी चूक माझी होती. मी सातवी पास. चौऱ्याहत्तर साली शिपायाच्या जागेसाठी गेलो, तेव्हा सापडेल तो कागद फाइलीला लावला होता. लेझीमचं प्रशस्तिपत्रक, देवी टोचल्याचा दाखलासुद्धा. साहेबांनी फाइल हातात तोलली, "बरीच जड आहे," म्हणाले, आणि मला ठेवून घेतलं. तेव्हापासून माझी खात्री, की फाइलीला वजन पाहिजे. म्हणून मीच दीक्षाच्या मागे लागलो आणि तिच्या अर्जाला सत्तावीस सर्टिफिकिटं जोडायला लावली. चौथीतल्या रांगोळीपासून सगळी.

मुदत संपायला चार दिवस राहिले होते, तेव्हा मयुरा नावाच्या मॅडमचा फोन आला. संत्रा बागायतदारांना फवारणी, छाटणी, पाणी यांची माहिती मोबाइलवर आणि पत्रकांतून देणारी त्यांची संस्था. दीक्षानं फोन स्पीकरवर ठेवला.

"सर्टिफिकिटं मिळाली. रांगोळीचं छान आहे," बाई म्हणाल्या. "पण आम्हाला लिहिणारं माणूस हवंय, आणि तुम्ही लिहिलेलं एक पानही यात नाही. जाहिरातीत नमुना मागितला होता. वाचली होती ना पूर्ण? उद्या पाचपर्यंत पाठवा."

दीक्षानं माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

दुपारभर बसून तिनं पान लिहिलं. 'संत्रे म्हणजे निसर्गाने मानवास दिलेली सुवर्णभेट होय.'

"फवारा कधी मारायचा, ते कुठं आहे यात?"

"आबा, सुरुवात चांगली नको का?"

"चांगली आहे. कोणाची आहे?"

ती रुसली. मी मात्र उठून माझी ट्रंक उघडली. मी कागद फेकत नाही. तळाशी एक पान होतं, दोन वर्षांपूर्वीच्या पत्राची पोचप्रत, कॉलेजच्या आवक शिक्क्याची. तेव्हा कॉलेजची बस आमच्या गावाच्या फाट्यावर थांबत नव्हती, म्हणून दीक्षानं प्राचार्यांना लिहिलं होतं:

'सकाळी साडेसातला आमच्या फाट्यावर अकरा मुली उभ्या असतात. बसच्या मागच्या चार ओळी रिकाम्या असतात. ड्रायव्हरकाका आम्हाला पाहून हात हलवतात आणि निघून जातात. कृपया हात हलवण्याऐवजी त्यांनी ब्रेक दाबावा.'

तिसऱ्या दिवसापासून बस थांबू लागली होती.

"हे काहून पाठवू? हे तं भांडण आहे," दीक्षा म्हणाली.

"भांडणच आहे. पण तुयं आहे, आणि त्यानं बस थांबली."

तिनं खूप आढेवेढे घेतले. शेवटी दुसऱ्या दिवशी साडेचारला त्या पानाचा फोटो धाडला. खाली दोनच ओळी लिहिल्या. हे कधी लिहिलं आणि पुढे काय झालं, एवढंच. आवड-बिवड काही नाही.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "ते ड्रायव्हरकाका अजून थांबतात का हो?"

"थांबतात मॅडम. कोणाला उशीर झाला तर हॉर्न वाजवून वाट पाहतात."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "मग सोमवारी या. तीन महिने काम पाहू, मग पक्कं ठरवू."

प्रेमानंदनं ओमप्रकाशला नाही म्हणून कळवलं. भैयाजींनाही एकदाचं हापिस मिळालं.

सोमवारी ती निघाली, तेव्हा सवयीनं मी फाइल तिच्या हातात दिली. "असू दे. साहेब लोक तोलून पाहतात."

"मॅडम वाचून पाहतात, आबा," ती म्हणाली आणि फाइल खाटेवर ठेवून गेली.

मी ती ट्रंकेत परत टाकली. रांगोळीचं सर्टिफिकिट तेवढं भिंतीवर लावलंय. मॅडमना आवडलं होतं.