नोंद नको, बल्ब घ्या

माझे पप्पा गेले तेव्हा ते साहेबांच्या पेजवर ब्लॉक होते.

आज वर्ष झालं.

साहेब म्हणजे आमच्या भागाचे अधिकारी. 'थेट तुमच्याशी संवाद' असं पेज. सायकलवर साहेब. रोपाला पाणी घालताना साहेब. योगा करताना साहेब.

आणि प्रत्येक फोटोखाली माझे पप्पा.

नाशिक रोडला आमच्या कॉलनीच्या वळणावर एक खांब आहे. त्याची लाइट कायम बंद. सातपूरहून कंपनीची बस मला तिथेच सोडते, अंधार पडल्यावर. पप्पा रोज बॅटरी घेऊन वळणावर उभे. गुडघे दुखायचे, तरी उभे.

"पोरगी अंधारात उतरते, मी घरात बसून टीव्ही बघू का?"

फेसबुक त्यांना अर्जासारखंच वाटायचं. माझ्या मोबाइलवरून, माझ्याच अकाउंटवरून लिहायचे. 'मा. महोदय, स. न. वि. वि.' पासून सुरुवात, पूर्ण पत्ता, शेवटी जय भीम. वर फोटो साहेबांच्या वाढदिवसाच्या केकचा!

उत्तर दरवेळी तेच. "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे 🙏"

आधी खूश व्हायचे. मग चिडायला लागले.

"अरे नोंद काय घेता, बल्ब घ्या!"

एकदा साहेबांचा लाइव्ह होता. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून मोबाइलसमोर ताठ बसले.

मम्मी म्हणाली, "अहो, त्यांना तुम्ही दिसत नाही."

"मला ते दिसतात ना? मग बनियनवर बसू?"

साहेबांनी 'खूप छान काम सर' वाचलं. 'सर, तुमच्या फिटनेसचं रहस्य काय' वाचलं. त्यावर भरपूर बोलले सुद्धा.

पप्पांची कमेंट वर सरकली, गेली. त्यांनी परत टाकली. परत गेली. परत टाकली.

दुसऱ्या दिवशी पेजच दिसेना.

"साहेबांची बदली झाली का गं?"

"नाही पप्पा. आपल्याला ब्लॉक केलंय."

"म्हणजे?"

"आपल्या तोंडावर दार लावलंय."

मग म्हणाले, "चला, म्हणजे वाचलं तरी."

मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पप्पा गेले. हार्ट अटॅक. बॅटरी दाराजवळ खिळ्याला लटकलेली होती. अजून तिथेच आहे.

काल शेजारच्या काकूंनी स्क्रीनशॉट पाठवला. खांबाखाली साहेब, अंगठा वर. 'नागरिकांच्या मागणीची तत्परतेने दखल!' खाली हार्टच हार्ट.

तत्परतेने!!

तिथे जाऊन चार शब्द सुनावायचे होते. पण मी अजून ब्लॉकच आहे. म्हणून इथे लिहितेय.

काल संध्याकाळी बसमधून उतरले. वळणावर लख्ख उजेड. सवयीने पप्पांना शोधलं. इतकी वर्षं अंधारात ते दिसायचे, आणि काल एवढ्या उजेडात कुणीच नव्हतं.

राग आला. खूप राग आला. तिथेच खांबाखाली उभी राहून रडले.

मा. महोदय,
स. न. वि. वि.
लाइट लागली. अर्जदार वारले.
कृपया नोंद घ्यावी.

पप्पा, आता बॅटरी बंद करा. मी येते नीट घरी.

जय भीम.