मामींचा उंबरठा

मामी मागच्या दाराने बाहेर पडताना उंबरठ्याला आधी पायाचा अंगठा लावायच्या, आणि मग वाकून त्याच उंबरठ्याला हात लावून तो कपाळाला न्यायच्या. बघणाऱ्याला फक्त नमस्कार दिसायचा. "काय श्रद्धा आहे बाईंची," असं नाशिकजवळच्या मखमलाबादच्या आमच्या गल्लीत सगळेच म्हणायचे. अंगठा मी पाहिला होता. दुसऱ्या कुणाचा पाय उंबरठ्याला लागला तर त्या खेकसायच्या, आणि स्वतः मात्र रोज लावायच्या. मला त्याचं कोडं वाटे, पण मी विचारलं नाही. विचारणं माझ्या स्वभावातच नाही.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई, ताराबाई. सारा जन्म फुलशेतीत गेलेला. आजूबाजूची वावरं प्लॉट पडून संपली, तरी घरामागे गुलाबाचा एक तुकडा त्यांनी राखला होता. सासरे गेल्यावर त्यांच्या एकुलत्या एका मुलीसाठी, म्हणजे माझ्या बायकोसाठी, वैशालीसाठी, मी त्या घरात राहायला गेलो. घरजावई हा शब्द मामींनी कधी उच्चारला नाही. टोमणे मात्र मारायच्या, पण ते माझ्या मुकेपणावर. "जावईबापू, या घरात देव बोलत नाय आन तुम्हीबी बोलत नाय. एकाला तरी कंठ फुटू द्या की." मी हसायचो. त्या म्हणायच्या, "हसू ऐकू येत नाय हो मला!"

एका संध्याकाळी बागेत त्यांनी माझ्यापुढे एक फूल धरलं. "हे पिवळं का गुलाबी?"

"पिवळं. का, दिसत नाही?"

"धूर दिसतो निस्ता. डॉक्टर म्हणला, आता काय इलाज नाय." त्यांनी ते फूल टोपलीत टाकलं. "वैशूला सांगायचं नाय. ती मला खुर्चीत बसवून ठेवील. बाग सुटली की मी गेलेच समजा. उंबऱ्याला अंगठा लागला ना, की पुढचा ओटा, पायऱ्या, झाडं, सगळं पाठ हाय मला."

तेव्हा कोडं सुटलं. पाय लावल्याची माफी म्हणून तो नमस्कार होता. मी वचन दिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही मागची भिंत दार-उंबरठ्यासकट काढून तिथे घडीचं दार बसवायचं ठरवलं. खरं म्हणजे मीच ठरवलं. गंगापूर धरणाकडच्या एका रिसॉर्टवर तसं दार पाहिलं होतं. काचेचे पल्ले एकावर एक दुमडत बाजूला जातात, आणि हॉल आणि बाग एक होऊन जातात. त्या घरातली एकही वस्तू माझ्या मनाने आलेली नव्हती. हे दार माझं असणार होतं. मामी म्हणाल्या, "भिंतच काढताय? घर हाय का मांडव?" पण हसून म्हणाल्या.

दार बसवणारा योगेश माप घ्यायला आला तेव्हा मामी खाटेवर लसूण सोलत होत्या. वैशाली चहा घेऊन उभी होती. योगेशने विचारलं, "साहेब, खालची पट्टी फरशीत बुजवू की वर ठेवू? वर ठेवली तर उंबऱ्यासारखी लागेल, पण पाऊस आत येणार नाही."

मामींचे हात थांबले. लेकीसमोर त्यांना काही बोलता येणार नव्हतं. आवाजाच्या अंदाजाने त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "जावईबापू म्हणतील तसं."

पट्टी वर ठेव, एवढं म्हटलं असतं तर गुपितही राहिलं असतं. पावसाचं कारण तर योगेशने आयतंच हातात दिलं होतं. पण रिसॉर्टवरची ती सलग, गुळगुळीत फरशी माझ्या डोळ्यांपुढे होती. मी म्हणालो, "बुजव. सपाट पाहिजे."

मामी पुन्हा लसूण सोलू लागल्या.

रोज एकच पल्ला उघडायचा, त्यामुळे त्याच्या कडेला हात लावून त्या वाट काढत. मला वाटलं, निभावलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घर बायकांनी भरलं. कुणीतरी दाराचं कौतुक केलं आणि मी उत्साहाने सगळे पल्ले दुमडून बाजूला केले. बायका वाहवा करत होत्या. त्याच वेळी मामी स्वयंपाकघरातून निघाल्या, सवाष्णींना द्यायला गुलाब आणावेत म्हणून. नाशिकची थंडी, पायात लोकरीचे मोजे. हात कडेला शोधत होता आणि कड तिथे नव्हती. आपण अजून हॉलमध्येच आहोत अशा चालीने त्या चालत राहिल्या. ओटा संपला. मी बघत होतो. हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला तोवर त्या खाली होत्या.

खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उठल्या नाहीत. दवाखान्यात वैशाली सारखी विचारायची, "आई, रोजची वाट, पडलीस कशी?"

"चक्कर आली गं."

वैशाली औषधं आणायला गेली तेव्हा मी कसाबसा म्हणालो, "मामी, मी सांगतो तिला."

"गप ऱ्हावा." त्यांचा हात चादरीवरून माझा हात शोधत आला. "ती माफ करायची नाय. आन तुम्हाला त्याच घरात ऱ्हायचंय."

गुलाब फुलत होते तोवरच त्या गेल्या. चक्कर आली आणि पडल्या, असं वैशाली सगळ्यांना सांगायची, आणि मी शेजारी मान हलवायचो. मामींनी माझ्या मुकेपणाची चेष्टा केली आणि शेवटी तोच मुकेपणा मला पांघरायला दिला. तो सोसवेना.

म्हणून हे लिहिलं, आणि सगळ्यांत आधी वैशालीला वाचायला दिलं. तिने ते खाटेवर बसून वाचलं. कागद खाटेवर ठेवले. मग ती उठली आणि दाराशी गेली. सगळे पल्ले बाजूला सारले. चपला काढल्या, डोळे मिटले आणि पायाचा अंगठा फरशीवरून पुढे सरकवत नेला. पुन्हा मागे आणला. पुन्हा पुढे.

"अहो," माझ्याकडे पाठ ठेवूनच ती म्हणाली, "इथं काहीच लागत नाही."