दोन डाव्या बाह्या

माझ्या धाकट्या भावाला सगळे भिंगरी म्हणतात. हे नाव मीच ठेवलं, तो चार वर्षांचा असताना. आता तो एक्केचाळीसचा आहे, तरी ते कुणी मागे घेतलेलं नाही. आमचं शिंपीकामाचं दुकान आहे, बाबांनी काढलेलं. मी शिवते, भिंगरी बेततो, म्हणजे मापं घेऊन कापड कापायचं काम त्याचं. दुकानात खरा मान बेतणाऱ्याला. शिवण चुकली तर उसवता येते, कापलेलं कापड परत जोडता येत नाही.

हात त्याचा बाबांसारखाच आहे. डोकं मात्र एका जागी ठरत नाही. गळा कापता कापता त्याला पंख्याची कुरकुर ऐकू येते, पंखा बघायला तो स्टुलावर चढतो, स्टुलावरून त्याला माळ्यावरचं जुनं मशीन दिसतं, आणि तासाभराने मी बघते तर मशीनचे सगळे स्क्रू टेबलावर आणि गिऱ्हाइकाच्या शर्टाला अर्धाच गळा. मी बोलायला लागले की तो मान खाली घालून ऐकतो. निम्म्यात त्याचं ऐकणं सुटतं. ते मला दिसतं, म्हणून मी आणखी बोलते.

"बाबांच्या हातून असं कधी झालं नाही," हे वाक्य मी त्याला किती वेळा ऐकवलं असेल त्याला गणती नाही. आणि ते खरंच होतं. बाबांना एकच ताप होता, कापडवाल्यांचा. वर्षातून दोन-तीनदा तरी कापड कमी भरायचं. "मापात पाप करतात लेकाचे," म्हणायचे, आणि तडक जाऊन वाढीव तुकडा घेऊन यायचे.

गेल्या वर्षी भिंगरीने एका महिन्यात तीन कोटांना दोन-दोन डाव्या बाह्या कापल्या. ज्यांना शिवणातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. कापडाला एक सुलट बाजू असते, एक उलट. एक बाही कापली की कागदाचा नमुना पालथा घालून दुसरी कापायची. पालथा घालायला विसरलात की दोन्ही बाह्या डाव्या. उजवा हात जातो त्यात, नाही असं नाही, पण माणूस दिवसभर कुणाला तरी हाक मारत असल्यासारखा दिसतो. तिसऱ्या कोटानंतर मी बाबांची मोठी कात्री खणात टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. भिंगरीला बटणं लावायला बसवलं.

आठवडाभर त्याने मुकाट बटणं लावली. मग एकदा त्या खणाकडे बघत म्हणाला, "ताई, मी मुद्दाम नाही गं करत."

मला ते फार लागलं. म्हणून मी त्याच्यावर ओरडले.

डॉक्टरीणबाई त्यानेच शोधल्या. बाई मनाच्या डॉक्टर, आवाज हळू, टेबल स्वच्छ. दोन तास त्यांनी त्याला प्रश्न विचारले, शाळेपासूनचे. मग मला विचारलं, "घरात आणखी कुणाला असं होतं का? वडिलांना, आईला?"

"आमच्या घरात कुणाला नाही," मी म्हणाले. "वडील तर एका जागी बसले की संध्याकाळीच उठायचे." खरं म्हणजे मध्ये मध्ये कापड आणायला उठायचे, पण ते सांगायची काही गरज नव्हती.

बाईंनी त्या आजाराला एडीएचडी म्हणतात असं सांगितलं. लक्ष एका जागी न टिकण्याचा आणि अंगात स्वस्थता नसण्याचा आजार, पोरपणी सुरू होतो आणि काहींचा मोठेपणीही जात नाही. त्यावर औषध देता येईल, पण आधी तपासणी. रक्तदाब बघितला. बाबा हृदयाच्या दुखण्याने गेले हे कळल्यावर छातीचा कागदही, म्हणजे ईसीजी, काढायला लावला. तो ठीक आला तेव्हाच रोज एक कॅप्सूल लिहून दिली, तीही कमी ताकदीची. "पंधरा दिवस बघू, मग ठरवू," म्हणाल्या.

"म्हणजे ट्रायल," भिंगरी म्हणाला. कोट पुरा शिवण्याआधी कच्च्या टाक्यांवर घालून बघतात, त्याला आम्ही ट्रायल म्हणतो.

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या, आणि तिथून पुढे दोघांचं छान जमलं. मी आपली पर्स धरून बसले होते. कॅप्सूल सकाळीच, खाऊन झाल्यावर. फोडायची नाही, चावायची नाही. सकाळी राहिली तर दुपारनंतर घ्यायची नाही, नाहीतर झोपेचं खोबरं. डबल तर कधीच नाही. छातीत धडधडलं, दुखलं, तर लगेच फोन. आणि औषध कुलपात. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही.

त्या औषधाने त्याला अक्कल आली असं मी म्हणणार नाही. होती ती जागेवर थांबली. दुपारची भूक मेली, दोन किलो उतरला. मग बाईंनी सकाळी भरपूर खायला सांगितलं, चहा कमी केला, दर खेपेला वजन आणि रक्तदाब बघायला लागल्या. दीड महिन्याने डोस एक पायरी वाढला आणि तिथे थांबला. एकदा मी म्हटलं, "मला पण दे रे एक, मलाही हल्ली काही आठवत नाही."

"ती माझ्या मापाची आहे, ताई," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या मापाचा कोट तू घालतेस का?"

मला उलट उत्तर आवडत नाही.

तेवढ्यात ड्रायव्हरकाका आले. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. त्यांच्या हातात राखाडी रंगाचं लोकरी कापड होतं. बायकोने त्यांच्या कोटासाठी आणलं होतं, आणि कोट शिवायच्या आधी ती गेली. कापड बरोबर एका कोटाचं. जिथून आणलं ते दुकान बंद पडलेलं, तसलं परत मिळणार नव्हतं.

मी भिंगरीला स्पष्ट सांगितलं. एक कटर पहिल्या तारखेपासून यायला तयार आहे. हा कोट नीट बेतलास तर कात्री तुझी. यात डावी बाही निघाली तर कात्री त्याची, आणि तू कायमचा बटणांवर. तो हो म्हणाला. तोंड एवढंसं झालं होतं.

कापायच्या दिवशी मी लवकर आले आणि टेबल ओल्या फडक्याने लख्ख पुसलं. काकांना समोर बसून बघायचं होतं. ते वेळेच्या पाच मिनिटं आधी हजर. मी खणाची किल्ली काढली, कात्री टेबलावर ठेवली. भिंगरी आला आणि टेबलाच्या कडेकडे बघत राहिला.

"इथली रेघ कुठे गेली?"

कॅप्सूल घेतली की टेबलाच्या कडेला खडूने रेघ मारायची, अशी त्याने खूण ठेवली होती. बेतून झालेल्या कापडावर आम्ही मारतो तशीच. दुकानात दुसरं कुणी नसतं, म्हणून त्याला ती पक्की वाटली होती. सकाळी तो माझ्याआधी दुकान उघडून, तिथेच खाऊन, मग कामाने बाहेर जाऊन आला होता. त्याने घेतली होती की नव्हती, ते सांगणारी एकच गोष्ट होती आणि ती माझ्या फडक्यात होती. बाटलीतल्या मोजल्या. पण मधे एक-दोन दिवस चुकले होते, तो आकडाही उपयोगाचा नव्हता.

"घे मग आणखी एक," मी म्हणाले. "काका बसलेत."

"शंका असेल तर घ्यायची नाही, असं सांगितलंय."

"एकीने काय होतंय?"

"अति तिथे माती," तो म्हणाला. माझंच वाक्य, मलाच.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. वाटलं, बाई माझ्या बाजूने बोलतील. बाई म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे. आज राहू द्या, उद्या सकाळी नेहमीसारखी." मी फोन ठेवला तेव्हा भिंगरीने कात्री उचलली होती. त्याने ती परत खणात ठेवली आणि खण लावला.

"काका, आज मी कापणार नाही," तो म्हणाला. "आज माझी मला खात्री नाही. तुमचं कापड एकदाच कापता येतं."

जन्मात कधी बसस्टॉपवर दोन मिनिटं न थांबलेला माझा भाऊ हे बोलत होता. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. काका उठले, कापड उचललं, घडी काखेत धरली. दाराशी जाऊन ते वळले.

"डोळ्यावर झोप असेल तर मी बस काढायचो नाही," ते म्हणाले. "लोक शिव्या द्यायचे. उद्या किती वाजता येऊ?"

दुसऱ्या दिवशी भिंगरीने माझ्यासमोर खाल्लं, माझ्यासमोर कॅप्सूल घेतली. दहा वाजता कात्री धरली. पहिली बाही कापून झाल्यावर नमुना पालथा घातला, तो मला दाखवला, काकांना दाखवला आणि मग कापलं. आठवड्याने काका तो कोट घालून आरशासमोर उभे राहिले, दोन्ही हात सरळ खाली. बराच वेळ त्यांनी बाही कुरवाळली आणि कोट अंगावर तसाच ठेवून गेले. मी कटरला नको म्हणून कळवलं.

खडूचा भरवसा संपला होता, म्हणून मी सात वारांच्या सात कप्प्यांची डबी आणली. ती कुलपात राहावी म्हणून कात्रीचा खण रिकामा करायला घेतला. तळाशी कागदी नमुन्यांची चळत होती, त्याखाली एक पुडकं. दोरीला बाबांची गाठ. सोडलं तर आत बाह्या. कापलेल्या, न शिवलेल्या, वेगवेगळ्या कापडांच्या. मी एकेक टेबलावर पसरली. अकरा होत्या. भिंगरी येऊन शेजारी उभा राहिला आणि बोटाने मोजत गेला.

"सगळ्या डाव्या," तो म्हणाला. मग म्हणाला, "म्हणजे कापडवाले प्रामाणिक होते."

मी हसले, आणि मग मला रडू आलं, ते थांबेना. बाबांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आणि त्यांचं नाव घेऊन मी याला जन्मभर टोचलं होतं. भिंगरीने खणाची दुसरी किल्ली करून घ्यायला सांगितलं, तर मी माझीच काढून त्याच्या हातात दिली.

पुढच्या तपासणीला मी बरोबर गेले. बाईंनी वजन केलं, रक्तदाब बघितला, वहीत लिहिलं. मी म्हटलं, "बाई, तुम्ही पहिल्या दिवशी मला एक विचारलं होतं. ते उत्तर खोडा. आमच्या वडिलांनाही होतं."